शरीराची साधी कामं देवाची कशी करायची: ज्यू लोकांची एक रीत, आपल्या घरात करून बघण्यासाठी

गेल्या पावसात बाबांची लघवी अडकली. प्रोस्टेट वाढलंय हे माहीत होतं, गोळ्या चालू होत्या, पण ज्या रात्री पूर्ण अडकली त्या रात्रीचं सगळं मी लिहीत नाही, एवढंच सांगते की ७४ वर्षांचा माणूस, ज्याने दुकानात कधी गिऱ्हाइकावर आवाज चढवला नाही, तो न्हाणीच्या दाराची कडी धरून ओरडत होता. हॉस्पिटलात नळी घातली, पिशवी लावली, आणि मग दोनेक आठवड्यांनी नळी काढून नर्स म्हणाली, आता भरपूर पाणी प्या आणि होते का बघा. आई आणि मी टॉयलेटच्या बाहेर उभ्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं, आणि मग आतून तो आवाज आला, आधी थेंब थेंब आणि मग धार. आई पदर तोंडाला लावून रडायला लागली.

त्या रात्री मी ठाण्याच्या मैत्रिणीला फोन केला, आम्ही कॉलेजात असताना हॉस्टेलला एका खोलीत होतो. ती बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ अलिबागकडचे, घरात मराठीच बोलतात. तिला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, ह्याच्यासाठी आमच्यात प्रार्थना आहे." मला वाटलं आजारी माणसासाठी असेल. "नाही गं, संडासातून बाहेर आल्यावर म्हणायची. रोज. दर वेळी." मी तिला परत विचारलं, कारण देवाचं नाव आणि संडास ह्या दोन गोष्टी आपण एका वाक्यात आणतच नाही.

तेव्हापासून मी ह्या विषयाच्या मागे लागले, तिला छळून छळून विचारलं, मिळेल ते वाचलं, आणि गेलं वर्षभर त्यातलं थोडं थोडं घरात करतेय. आम्ही हिंदू, गोव्यात फोंड्याला राहतो, मसाल्याचं छोटं दुकान आहे, ज्यू व्हायचा काही विचार नाही आणि ते लोक कुणाला व्हा म्हणतही नाहीत. त्यांच्या परंपरेत ६१३ आज्ञा ज्यूंसाठी आणि बाकी सगळ्या माणसांसाठी नोहाचे सात नियम, खून नको, चोरी नको, असे. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते "ज्यू विधी कसे करावे" असं नाही. त्यांनी शरीराकडे बघायची जी रीत घडवली ती आपल्या रोजच्या जगण्यात कशी आणायची, एवढंच आहे.

सुरुवात कृतीने करायची नाही, आधी डोक्यातली एक गोष्ट बाजूला ठेवावी लागते. आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेलं असतं की देह म्हणजे नाशिवंत, देह म्हणजे पिंजरा, आत्मा खरा, आणि एकदा सुटला की सुटला. ह्यात चूक बरोबर मी ठरवत नाही. पण ज्यू विचार समजायचा तर काही दिवस हा पिंजरा विसरा, कारण त्यांचा प्रश्नच वेगळाय. आत्मा सुटणार कसा, हे ते आधी विचारतच नाहीत. ते विचारतात की आत्म्याला इथे पाठवलं कशाला.

ताल्मुदमध्ये, म्हणजे त्यांच्या ऋषीमुनींच्या वादचर्चेचा जो प्रचंड ग्रंथ आहे त्यात, एक गोष्ट आहे. त्यांचा प्रेषित मोशे हा तोरा, म्हणजे देवाच्या आज्ञांचं त्यांचं मूळ शास्त्र, आणायला वर स्वर्गात गेला तर देवदूत म्हणाले, हा बाईच्या पोटी जन्मलेला इथे काय करतोय, एवढी मौल्यवान वस्तू मातीच्या माणसाला कशाला देतोस, आम्हाला दे. देव मोशेला म्हणाला, तूच उत्तर दे. आणि मोशेने एकेक आज्ञा काढून विचारलं की तुम्हाला आईबाप आहेत का, मग आईबापाचा मान राखा हे तुम्हाला कशाला? तुम्ही काम करता का, मग विश्रांतीचा दिवस कशाला? तुमच्यात हेवा आहे का, मग चोरी करू नको हे कुणाला सांगायचं? देवदूत गप्प झाले. मला ही गोष्ट फार आवडते, कारण ज्याला पोट नाही, घाम नाही, शेजाऱ्याचं बघून जळणं नाही, त्याला देवाचं हे काम करताच येत नाही. आपल्याला येतं, आणि ते ह्या शरीरामुळेच.

दुसरी गोष्ट त्याच ग्रंथातली. राजाच्या बागेत दोन राखणदार, एक आंधळा, एक लंगडा. लंगडा आंधळ्याच्या खांद्यावर बसला आणि दोघांनी मिळून फळं खाल्ली. राजा आला तर एक म्हणतो मला पाय कुठे आहेत, दुसरा म्हणतो मला डोळे कुठे आहेत. राजाने काय केलं, लंगड्याला परत आंधळ्याच्या खांद्यावर बसवलं आणि दोघांचा एकत्र न्याय केला. शरीर म्हणतं पाप आत्म्याचं, तो गेल्यापासून मी दगडासारखं पडलोय, आत्मा म्हणतो पाप शरीराचं, मी तर पाखरासारखा उडतोय. दोघांचा हिशोब एकच. म्हणून "मी आतून चांगला आहे, बाहेरून कसाही वागलो तरी" हे तिथे चालत नाही.

आणि तिसरी, ही जरा चघळायला वेळ लागते. पिर्के आवोत म्हणून जुन्या वचनांचा संग्रह आहे, त्यात रब्बी (म्हणजे धर्मगुरू) याकोव म्हणतात की हे जग पुढच्या जगाचा सोपा, म्हणजे ओसरी आहे, सोप्यात नीट तयारी कर म्हणजे आतल्या दिवाणखान्यात जाता येईल. आपल्या गोव्यातल्या जुन्या घरांचं बाल्कांव डोळ्यापुढे आणा, पायऱ्या चढून आलात, दोन्ही बाजूंना बसायच्या बैठका, आणि मधे घराचं दार. इथपर्यंत आपल्याला पटतं, आपणही हेच म्हणतो की हे जग तात्पुरतं. पण लगेच पुढच्या वचनात तेच रब्बी म्हणतात की ह्या जगातला पश्चात्तापाचा आणि सत्कर्माचा एक तास पुढच्या जगातल्या सगळ्या आयुष्यापेक्षा मोठा. म्हणजे सुख आत दिवाणखान्यात आहे, पण काम जे काही करता येतं ते बाहेर बाल्कांवातच. आत गेलात की करायचं संपलं.

एवढं डोक्यात घेतलं की कृतीकडे या, आणि सुरुवात देवघरात करू नका, टॉयलेटच्या दारातून करा. मी मुद्दाम सांगतेय, कारण देवघरात आपण आधीच चांगले वागतो.

त्या प्रार्थनेचं नाव आशेर यात्सार. अर्थ साधारण असा: ज्याने माणसाला शहाणपणाने घडवलं, त्याच्यात कितीतरी भोकं आणि कितीतरी पोकळ्या केल्या, त्यातलं एखादं उघडं पडलं किंवा एखादं बंद झालं तर तुझ्यापुढे क्षणभरही उभं राहता येणार नाही हे तुला माहीत आहे, सगळ्या देहाला बरं करणाऱ्या आणि अद्भुत करणाऱ्या देवा, तू धन्य. हे ताल्मुदमध्ये आबाये नावाच्या पंडिताच्या नावावर आहे. "एखादं बंद झालं तर", हे वाचलं तेव्हा मला न्हाणीच्या दाराची ती कडी आठवली.

शेवटच्या "अद्भुत करणाऱ्या" ह्या शब्दावर सोळाव्या शतकातल्या पोलंडमधल्या मोशे इसरलेस ह्या धर्मशास्त्रीने लिहिलंय की अद्भुत हे की आत्म्यासारखी गोष्ट त्याने देहासारख्या गोष्टीला बांधून ठेवली. म्हणजे बघा, आत्मा आणि देह ह्यांची गाठ हा चमत्कार, आणि त्याची आठवण कधी करायची तर लघवी करून हात धुतल्यावर.

करायचं कसं: हात धुवा, बाहेर या (ज्यू लोक आत देवाचं नाव घेत नाहीत, आपणही बाहेरच घ्यावं), दाराबाहेर थांबा आणि स्वतःच्या शब्दांत म्हणा. हिब्रू पाठ करायची गरज नाही. मी म्हणते, "सगळं उघडं आहे ते उघडं ठेवलंस, बंद आहे ते बंद ठेवलंस, उपकार झाले." अर्धा मिनिट. पहिले काही दिवस फक्त सकाळचं करा, कारण दिवसभर दर वेळी करायला गेलात तर चौथ्या दिवशी तोंडाने शब्द आणि हातात मोबाईल असं होणार, माझं झालंय. घाईत म्हणण्यापेक्षा एकदाच पण थांबून. आणि घरात मधुमेह, किडनी, प्रोस्टेट, बाळंतपण असलं काही असेल तर तुम्हाला हे शिकवावंच लागणार नाही.

ह्यानंतर जेवण, आणि इथे खूप करण्यासारखं आहे.

आपण लहानपणी पानावर बसलो की श्लोक म्हणायचो, बाबा ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालायचे, त्यामुळे जेवणाआधी देवाचं नाव ह्यात नवीन काही नाही. ज्यूंचं वेगळेपण पुढे आहे, ते आधी ताटाकडे नीट बघायला लावतात. त्यांच्यात प्रत्येक प्रकाराचा आशीर्वाद, म्हणजे ब्राखा, वेगळा. झाडाच्या फळाचा वेगळा, जमिनीतून येणाऱ्याचा वेगळा, पाच ठरावीक धान्यांच्या भाकरीचा वेगळा, द्राक्षाच्या वाईनचा वेगळा, आणि पाणी, मासे, मांस, अंडी वगैरेंचा एक. म्हणजे तोंडात टाकायच्या आधी विचार करावा लागतो की हे आलं कुठून.

गोव्यातलं ताट घेऊन करून बघा, मुलांना फार मजा येते. आंबा झाडाचा. नारळ झाडाचा. काजू झाडाचा. अननस? जमिनीचा. आणि मयड्याची केळी? आपण केळीचं झाड म्हणतो, पण ज्यू पंडितांनी ती जमिनीत घातली, कारण केळीला लाकडी खोड टिकत नाही, घड आला की ती संपते, दुसरा कोंब वर येतो. शेकडो वर्षांपूर्वी माणसं बसून केळीचं खोड तपासत होती, कशासाठी, तर देवाचे आभार नेमक्या शब्दांत मानता यावेत म्हणून. मला ह्यात खरी भक्ती दिसते. सकाळी पोदेर, म्हणजे आपला पाववाला, हॉर्न वाजवत येतो, त्याची पोय (गोव्याचा पाव) गव्हाची, म्हणजे भाकरीचा ब्राखा, आणि तो एकदा म्हटला की जेवणातल्या बहुतेक गोष्टींना लागू होतो. ते भाकरी मिठाला लावून खातात, कारण यरुशलेमचं मंदिर पडल्यावर जेवणाचं टेबल हीच वेदी असं ते मानतात, आणि वेदीवरच्या प्रत्येक अर्पणाला मीठ लागायचं.

बेने इस्राएलांचा मलिदा आपल्या लोकांना लगेच समजेल. काही चांगलं झालं, नवस फिटला, लग्न ठरलं की एलियाहू हन्नाबी ह्या प्रेषिताच्या नावाने भिजवलेले पोहे, साखर किंवा गूळ, ओलं खोबरं, सुका मेवा असं ताट, त्यावर फळं, आणि त्या फळांवर एकेक ब्राखा. पोहे खोबरं आपलं, ब्राखा त्यांचा, आणि ताट एकच.

ब्राखा म्हणायचा कशाला, ह्यावर ताल्मुदचं उत्तर असं. एका स्तोत्रात लिहिलंय पृथ्वी देवाची, दुसऱ्यात लिहिलंय पृथ्वी त्याने माणसाला दिली. मग खरं काय? दोन्ही. ब्राखा म्हणायच्या आधी ती देवाची, म्हटल्यावर तुमची. न म्हणता खाल्लंत तर मंदिरातली वस्तू न विचारता उचलल्यासारखं.

आणि उपाशी राहून पुण्य मिळवायची सवय असेल तर हेही ऐका. यरुशलेमच्या ताल्मुदमध्ये म्हटलंय की डोळ्याने पाहिलं, खाता येत होतं आणि तरी खाल्लं नाही, त्या सगळ्याचा माणसाला हिशोब द्यावा लागेल. रब्बी एलाझार गरीब असून नाणी साठवायचे, वर्षातून एकदा प्रत्येक फळ चाखता यावं म्हणून. वर्षात पहिल्यांदा एखादं फळ हातात आलं की "आम्हाला जिवंत ठेवलंस, सांभाळलंस आणि ह्या घडीपर्यंत आणलंस" अशी वेगळी प्रार्थना आहे. आमच्याकडे ती पहिल्या मानकुराद आंब्याला. सीझनच्या सुरुवातीला मानकुराद किती महाग असतो ते सांगायला नको, आई दरवर्षी म्हणायची थांबूया भाव उतरेपर्यंत. यंदा मी डझन नाही, दोनच आणले. बाबांनी देठाजवळ नाक नेऊन वास घेतला, सुरीने गालाची फोड काढली, आणि मी ते वाक्य मराठीत म्हटलं. "ह्या घडीपर्यंत आणलंस" ला बाबा थांबले, मग खाल्लं.

कबाला, म्हणजे ज्यूंची गूढविद्या, मानणारे ह्याच्या अजून खोल जातात. उत्तर इस्रायलमधल्या त्स्फात गावातल्या इसाक लुरिया (१५३४–१५७२) यांच्या शिकवणीत असं की सृष्टीच्या सुरुवातीला देवाच्या प्रकाशाची भांडी फुटली आणि ठिणग्या सगळीकडे विखुरल्या, अन्नात, वस्तूंत, कामात अडकल्या, आणि माणूस चांगल्या मनाने ती वस्तू वापरतो तेव्हा तिच्यातली ठिणगी सुटते. पुढे हासिदी ह्या भक्तिपंथाने हे साध्या माणसापर्यंत आणलं, त्याचे संस्थापक बाल शेम तोव यांनी शिकवलं की खाणं, पिणं, बाजार ह्यातूनही देवाची सेवा होते. त्याच पंथाचे श्नेउर झाल्मान यांनी 'तान्या' ह्या पुस्तकात मिद्राशचं, म्हणजे शास्त्रावरच्या जुन्या टीकेतलं, वचन घेऊन मांडलं की देवाला वरच्या सगळ्या स्वर्गलोकांपेक्षा खालच्या जगात घर हवं होतं, आणि ते घर माणूस हाताने काम करून बांधतो. तान्या पहिल्यांदा छापलं गेलं १७९६ साली, आणि त्याच साली मुंबईत बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, उभं राहिलं, दिवेकरांनी बांधलेलं. दोघांना एकमेकांची गंधवार्ताही नसणार. आपल्या किनाऱ्यावर सीझनला इस्रायली पोरांसाठी जे खाबाद हाऊस चालतं ना, ते ह्याच श्नेउर झाल्मान यांच्या परंपरेचं. सगळे ज्यू ठिणग्यांचं हे मानतात असं नाही, मैमोनिदेस ह्या जुन्या तत्त्वज्ञाच्या वाटेने बुद्धीवर भर देणारेही आहेत, म्हणून ही कल्पना आवडली तर घ्या, नाही तर ब्राखा पुरे.

जिभेला एक "नाही" लावणं हा ह्याचा दुसरा भाग. माशांत ज्यूंना पर आणि खवले दोन्ही असलेलेच चालतात. फोंड्याच्या मार्केटात उभं राहिलं की बांगडे चालतील, तारले चालतील, इसवण चालेल, आणि सुंगटं, कुर्ल्या, तिसऱ्या, मोरी सगळं नाही. गोव्यात राहून तिसऱ्या सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. पण आपला एक नियम ठेवा, छोटा, आणि त्याला कारण आरोग्याचं देऊ नका. मी सोमवारी सुंगटं खात नाही एवढंच. हात पुढे गेला आणि थांबला, तो थांबलेला क्षण हीच साधना.

अंघोळीचं थोडक्यात. हिल्लेल नावाचे मोठे गुरू शिष्यांना म्हणाले मी आज्ञा पाळायला चाललोय, कुठली, तर स्नान करायला. शिष्य चकित झाले. ते म्हणाले राजाचे पुतळे धुवायला माणूस नेमतात, त्याला पगार देतात, मग मी तर देवाच्या प्रतिमेत घडलेला. बाराव्या शतकातले मैमोनिदेस स्वतः वैद्य होते, त्यांनी धर्मशास्त्राच्या ग्रंथात पोट किती भरावं, किती झोपावं ह्याचा अख्खा अध्याय घातला, कारण आजारी माणसाला देवाचं काही समजून घेता येत नाही. तेव्हा बीपीची गोळी घेताना, चालायला जाताना, आईच्या पाठीला साबण लावताना हे पुतळ्याचं आठवा. बाबांची पिशवी रिकामी करताना मला हे माहीत असतं तर बरं झालं असतं, तेव्हा मी फक्त नाक धरून काम उरकत होते.

आता दुकान, ऑफिस, जे तुमचं पोटाचं काम असेल ते. ताल्मुद म्हणतो की मेल्यावर न्यायाला उभं केल्यावर पहिला प्रश्न हा की देण्याघेण्यात प्रामाणिक होतास का. प्रार्थना किती केलीस हा पहिला प्रश्न नाही. आणि नियम किती बारीक: दुकानदाराने मापं आठवड्यातून दोनदा पुसावी, वजनं आठवड्यातून एकदा, आणि तराजू दर वजनाला, कारण चिकटलेला माल गिऱ्हाइकाच्या वाट्यातून जातो. मसाल्याच्या दुकानात हे किती खरंय ते मलाच ठाऊक, हळद आणि मिरचीपूड परातीला बसते ती बसतेच. आता काट्याजवळ मऊ फडकं ठेवलंय, दर वेळी पुसते.

अजून एक, कमी-जास्त झालेलं माप घरात ठेवूसुद्धा नये, मग ते लघवीचं भांडं म्हणून का वापरत असेना, असं तिथे शब्दशः लिहिलंय. आमच्या कपाटात आजोबांच्या वेळचं पितळी १०० ग्रॅमचं वजन होतं, झिजलेलं, बिलं उडू नयेत म्हणून वर ठेवायचो. एका रात्री काट्यावर ठेवलं तर ९६ दाखवलं. आजोबांची आठवण म्हणून जीव तुटला, तरी भंगारवाल्याला दिलं. तुमच्या कामात असं "घरात पडून असलेलं खोटं माप" काय आहे ते शोधा, जुना कोरा सही केलेला कागद असेल, दुसरी वही असेल.

शब्बाथ, म्हणजे त्यांचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गोड. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत काम बंद, त्यांची ३९ प्रकारची कामं मोजलेली आहेत, विस्तव पेटवणं, लिहिणं, शिवणं वगैरे. बऱ्याच ठिकाणी सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी घरातली बाई दिवे लावते. ह्यात उपवास नाही, उलट चांगलं जेवण, धुतलेले कपडे, वाईनवर प्रार्थना, दुपारची झोपसुद्धा. आत्म्याचा दिवस शरीराला खाऊपिऊ घालून साजरा करायचा. आपल्याला पूर्ण जमणार नाही, दुकान शनिवारी असतं. मी शुक्रवारी दिवेलागणीपासून जेवण संपेपर्यंत धरते, दोन तास, फोन मसाल्याच्या रिकाम्या डब्यात, हिशोब नाही, टीव्ही नाही. सकाळीच बांगड्याचं हुमण करून ठेवते म्हणजे संध्याकाळी धावपळ नाही. पहिल्या आठवड्यात हात सारखे मोबाईल शोधतात, ते ठीक आहे.

शब्बाथ संपताना हावदाला म्हणून विधी असतो, वाईन, दिवा आणि सुगंधी मसाले. मसाल्यांवर ब्राखा म्हणून वास घ्यायचा. का, तर ताल्मुद विचारतो की अशी कुठली गोष्ट जिचा आनंद आत्म्याला होतो आणि शरीराला नाही? वास. लवंग, दालचिनी. मी दिवसभर लवंगांत हात घालून बसते आणि चाळीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

हे सगळं करताना कुठे मोडायचं तेही शिका, कारण ते नियमाचाच भाग आहे. जीव धोक्यात असेल तर शब्बाथ मोडायचाच, गाडी चालवायची, फोन करायचा. शास्त्रात लिहिलंय की ह्या आज्ञा पाळून माणसाने जगावं, आणि पंडितांनी त्यावर म्हटलंय, जगावं, मरू नये. योम किप्पुरच्या मोठ्या उपासालाही ज्याच्या जिवाला धोका त्याने खायचंच. आपल्याकडे शुगरचे पेशंट एकादशी धरून चक्कर येऊन पडतात, त्यांना हे जरूर सांगा.

आणि काय करू नका. त्यांच्या पवित्र वस्तू, तेफिलीन (प्रार्थनेला हाताला-डोक्याला बांधायच्या चामडी डब्या), मेझुझा (दाराच्या चौकटीला लावायचं शास्त्रवचन), हौस म्हणून आणू नका. कुणा ज्यू माणसाला भेटलात तर लगेच ठिणग्यांवर प्रवचन देऊ नका, आधी ते काय करतात ते बघा, ऐका. आणि ही माणसं आपल्याकडची आहेत हे विसरू नका. पणजीच्या म्युनिसिपल गार्डनला ज्याचं नाव आहे तो गार्सिया दे ओर्ता, पोर्तुगीज वैद्य, १५३४ ला गोव्यात आला, इथल्या औषधी झाडांवर, आंब्या-नारळावर त्याचं पुस्तक १५६३ ला गोव्यातच छापलं गेलं. जबरदस्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यू घराण्यातला. तो १५६८ ला गेला, पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं, आणि १५८० ला त्याची हाडं उकरून जाळली. इन्क्विझिशनवाले छुपे ज्यू ओळखायचे कसे, तर शनिवारी धुतलेला सदरा घातला का, शुक्रवारी दिवा लावला का, डुकराचं मांस टाळलं का. पोथी घरात ठेवणं म्हणजे मरण, तेव्हा धर्म उरला तो अंगावरच्या कपड्यात आणि चुलीपाशी. आणि तिकडे अलिबागच्या बाजूला बेने इस्राएल तेल गाळत होते, हिब्रू विसरले होते, ग्रंथ नव्हते, पण शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे, मुलाची सुंता आठव्या दिवशी, बिनखवल्याचा मासा नाही, आणि तोंडात "शेमा इस्राएल" (इस्राएला, ऐक) एवढे शब्द. मैत्रिणीची आई म्हणते, "डोकं विसरलं, हातांनी लक्षात ठेवलं."

म्हणून पाठांतरापेक्षा हाताला सवय लावा, हा माझा आग्रह. एकच निवडा, सकाळचं टॉयलेटबाहेरचं वाक्य किंवा तराजूचं फडकं किंवा शुक्रवारचे दोन तास, आणि महिनाभर दुसरं काही जोडू नका. चुकलं तर दुसऱ्या दिवशी परत, भरपाई म्हणून दुप्पट करायचं नाही.

बाबांना मी काहीच शिकवलं नव्हतं, मी करते ते ते बघायचे फक्त. परवा पहाटे मी चहा ठेवत होते, न्हाणीचं दार वाजलं, आणि बाबा बाहेर येऊन ओले हात पंच्याला पुसत भिंतीपाशी उभे राहिले, डोळे मिटून, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मी गॅस बारीक केला.